दोन पट, एक तिकीट

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी कित्येकांस हसू येण्याचा संभव आहे. ज्या माणसाने चाळीस वर्षे खेड्यापाड्यांतील मुलांस पाढे आणि व्याकरण शिकविण्यात घालविली, त्याने उतारवयात बैलांच्या शर्यतीवर आणि तिच्या तिकिटाच्या दरावर बोलावे, हे वरवर पाहता विचित्रच आहे. परंतु गेल्या महिन्यात आमच्या गावच्या पारावर या प्रश्नावरून जी चर्चा झाली, तिच्यात मी इतका गुंतलो, आणि त्या चर्चेच्या ओघात माझीच काही मते अशी बदलली, की ती हकीकत आपणांस सांगावी असे मला वाटले. तिकीट हे दिसावयास कागदाचे एक चिटोरे असते. पण सार्वजनिक गोष्टीचा खर्च कोणी सोसावा आणि तिच्यावर हक्क कोणाचा असावा, हा सगळा प्रश्न त्या चिटोऱ्यावर लिहिलेला असतो.

आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर आहे. आमच्या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोक मानतात. बुलढाणा, चिखली, मेहकर हा वरचा मुलूख. मलकापूर, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हा खालचा, पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा. या दोन्ही भागांत, किंबहुना साऱ्या वऱ्हाडात, बैलांच्या शर्यतीला 'शंकरपट' म्हणतात. नंदी हे शंकराचे वाहन, तेव्हा नंदीच्या धावण्याला शंकराचे नाव मिळाले, असे आमच्याकडील म्हातारे सांगतात. पुण्याकडे जिला बैलगाडा शर्यत म्हणतात, तिचीच ही वऱ्हाडी बहीण होय. एक हलका छकडा, त्याला जुंपलेली बैलजोडी, वर एक धुरकरी आणि समोर सरळ आखलेली पट्टी, एवढेच तिचे साहित्य. कोठे दोन जोड्या शेजारच्या दोन पट्ट्यांवर एकदम सोडतात. कोठे एकेक जोडी सोडून घड्याळावर सेकंद मोजतात. आमच्या गावी घड्याळाची रीत आहे. जोडी सुटली की डोळ्याची पापणी चारदोनदा लवते न लवते तोच ती पलीकडच्या झेंड्याजवळ पोहोचलेली असते. एवढ्याशा क्षणासाठी माणसे पहाटे उठून, भाकरी बांधून, दहा-दहा कोसांवरून येतात.

शहरातील श्रोत्यांच्या मनात येथे एक शंका उभी राहील, आणि ती रास्त आहे. मुक्या जनावरांना पळवून आपली करमणूक करून घ्यावी काय? या प्रश्नाला बगल देणे मला प्रशस्त वाटत नाही. आर लावलेली तुतारी, म्हणजे टोकाला खिळा असलेली पराणी, बैलाच्या मांडीत रुतताना मी लहानपणी पाहिली आहे. शेपटी पिरगळणे, डोळ्यांत तिखट घालणे, हे प्रकार घडत नसत असे मी म्हणणार नाही. २०११ साली केंद्र सरकारने, ज्यांचे खेळ करता येत नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ साली स्वतःचा कायदा केला, तोही काही काळ न्यायालयात अडकून पडला. पुढे १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींस सशर्त परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. आता पट्टी एक हजार मीटरपेक्षा लांब असता कामा नये. काठी, चाबूक, विजेचा झटका, उत्तेजक औषध यांना मनाई. बैल धडधाकट असल्याचा पशुवैद्याचा दाखला हवा. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी हवी. आणि पन्नास हजार रुपयांची अनामत हवी. बैलाला इजा पोहोचविणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. माझे प्रांजळ मत असे की, या बंदीने आमचे डोळे उघडले. जे आम्ही आपण होऊन करावयास हवे होते, ते आम्हांस न्यायालयाने शिकविले. मास्तराला हे कबूल करताना थोडे जड जाते, पण छडीवाचून न शिकणारी मुले मी पाहिली आहेत, तशी गावेही असतात.

आता मूळ हकीकतीकडे वळतो. आमच्या गावचा पट महाशिवरात्रीच्या अलीकडच्या आठवड्यात भरतो. सोयाबीन कधीच घरात किंवा बाजारात गेलेले असते, कापसाची वेचणी आटोपत आलेली असते, हरभरा घाट्यावर असतो. शेतकऱ्याला वर्षातून चार दिवस श्वास घेण्यास सवड मिळते ते हे दिवस. आजवर हा पट दोन दिवसांचा असे. पहिल्या दिवशी गावगट, म्हणजे आमच्या आणि आसपासच्या गावांच्या जोड्या, ज्या आदल्या दिवसापर्यंत वखराला जुंपलेल्या असत. दुसऱ्या दिवशी खुला गट, म्हणजे केवळ पटासाठीच पोसलेल्या, नावलौकिकाच्या, परजिल्ह्यांतून येणाऱ्या जोड्या. यंदा पटमंडळाच्या तरुण चिटणिसाने असा विचार मांडला की, हे दोन्ही पट एकाच दिवशी करावे. सकाळी गावगट, दुपारी खुला गट. मंडप एक दिवसाचा, रुग्णवाहिका एक दिवसाची, पशुवैद्याची तसदी एक दिवसाची, चित्रण करणारा एक दिवसाचा. खर्च जवळजवळ निम्मा. आणि उरलेला निम्मा भागविण्यासाठी प्रेक्षकांकडून पन्नास रुपये तिकीट घ्यावे. एका तिकिटात दोन्ही पट.

ही वार्ता गावात पसरली आणि त्याच संध्याकाळी मारुतीच्या पारावर माणूस मावेनासा झाला. पावसाच्या प्रश्नावर, पीकविम्याच्या प्रश्नावर मी पारावर इतकी माणसे कधी पाहिली नव्हती.

प्रथम उठले ते एक सत्तरी ओलांडलेले आबा. त्यांच्या गोठ्यात पूर्वी नामांकित जोडी असे. ते म्हणाले, "पटाले तिकीट लावता, त मंग उद्या देवळालेबी लावा. शंकराचा पट हाये हा, का कोनाच्या बापाची सर्कस?" लोक हसले, पण त्या हसण्यात त्यांना दुजोराही होता. आबांचा दुसरा मुद्दा अधिक अवघड होता. सकाळच्या गावगटात ज्याचे बैल पळणार, त्याचाच भाऊ, त्याचाच सालदार, त्याचीच पोरे काठाशी उभी राहून ओरडणार. त्यांनी आपल्याच घरचे बैल पाहण्यासाठी पन्नास रुपये मोजावे काय? घरातून पाच माणसे निघाली तर अडीचशे रुपये झाले. शेतमजुराच्या घरी तो जवळजवळ एका दिवसाचा रोज.

यावर एका तरुणाने तोड काढली. दोन पटांची दोन तिकिटे असावीत. सकाळचे वीस, दुपारचे तीस. ज्याला जे पाहावयाचे त्याने त्याचे द्यावे. ही तोड कागदावर फार सुंदर दिसते. पण मी आयुष्यभर शाळेचे स्नेहसंमेलन पाहिलेला मनुष्य आहे. दुपारी सारे मैदान रिकामे करून पुन्हा तिकिटे तपासून माणसे आत घ्यावयाची, म्हणजे संध्याकाळच होणार. बसलेला बैल उठविता येतो, बसलेला वऱ्हाडी मनुष्य उठविता येत नाही.

तेवढ्यात एक गृहस्थ शांतपणे बोलले. यांचे शेत गावाला लागून आहे, आणि पटाची पट्टी दरवर्षी त्यांच्याच शेतातून आखली जाते. त्यासाठी ते तेवढा तुकडा रब्बीत पेरीत नाहीत. ते म्हणाले, "गुर्जी, मी आजवर गावाले एक रुपया मांगला नाही. पण तिकीट लागलं त पट धंदा झाला. मंग माह्या वावराचं भाडं काहून नाही?" पारावर एकदम शांतता पसरली. या प्रश्नाला कोणाजवळच उत्तर नव्हते. पाणी वाहणारी पोरे, पट्टीवरचे खडे वेचणाऱ्या बाया, रात्रभर बैलांची राखण करणारे गडी, इतकेच काय, घड्याळ धरून उभा राहणारा मी, आम्ही सारेच फुकट राबत होतो; कारण पट आमचा होता. एका वस्तूला किंमत लावली की शेजारची वस्तूही आपली किंमत विचारू लागते, हे अर्थशास्त्राचे तत्त्व त्या गृहस्थांनी एका वाक्यात सांगितले.

मीही त्या क्षणी तिकिटाच्या विरुद्धच होतो. परंतु चिटणीसही हाडाचा हिशेबी. त्याने वहीच उघडली आणि विचारले, "गुरुजी, गेल्या वर्षी पट फुकट होता असे आपण म्हणता. मग पैसे आले कोठून?" पैसे देणगीदारांकडून आले होते. देणगीदारांची चित्रे वेशीपासून पट्टीपर्यंत फलकांवर झळकत होती, आणि पट सुरू होण्यापूर्वी त्यांपैकी एकूण एकाचे भाषण झाले होते. मला तो दिवस चांगला आठवत होता. सत्कार, नारळ, शाली आणि भाषणे यांत दीड तास गेला; आणि तेवढा वेळ पहिल्या जोड्या जुंपलेल्या अवस्थेत उन्हात उभ्या होत्या. कायद्याने बैलाला चाबूक मारू दिला नाही. पण भाषणाच्या माऱ्याविषयी कायदा काही बोलत नाही. चिटणीस म्हणाला, "जो पैसे देतो त्याची वाट पाहावी लागते, गुरुजी. गेल्या वर्षी बैलांनी पाहिली. यंदा मला वाटते, पैसे पाहणाऱ्यांनी द्यावे, म्हणजे वाट कोणालाच पाहावी लागणार नाही."

श्रोतेहो, या बोलण्याने मी विचारात पडलो. फुकट म्हणून ज्याचा मला अभिमान वाटत होता, ते फुकट नव्हतेच. त्याची किंमत आमच्याऐवजी दुसरेच कोणी देत होते, आणि ती बैलांकडून वसूल होत होती.

माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात नोकरीस आहे. त्याच रात्री त्याच्याशी दूरध्वनीवर बोलणे झाले. त्याला मी हा सारा तिढा सांगितला तेव्हा तो मोठ्याने हसला. तो म्हणाला, "गुरुजी, इकडे आमच्या गावातही हेच चालले आहे." तिकडे 'स्पीडवे' नावाचा मोटारसायकलींच्या शर्यतीचा एक खेळ आहे. लंबगोल मातीच्या वाटेवर चार स्वार चार फेऱ्या मारतात. गाड्यांना ब्रेक नसतो, आणि वळणावर मागचे चाक घसरू देऊनच वळावयाचे असते. एक शर्यत मिनिटाभराच्या आसपास संपते. अशा पंधरा शर्यती मिळून एक सामना. लंडनजवळच्या हाय बीच येथे १९ फेब्रुवारी १९२८ रोजी इंग्लंडातील पहिली म्हणून मानली जाणारी शर्यत झाली, तेव्हा अपेक्षेहून कितीतरी अधिक माणसे लोटली होती. आता तो लोंढा ओसरला आहे, कित्येक मैदाने विकली जाऊन तेथे घरे उठली आहेत. खर्च भागत नाही म्हणून कधी कधी एकाच दिवशी दोन सामने ठेवतात, आणि तिकीट थोडे वाढवितात. मग तेथील रसिकांत वाद सुरू होतो. कोणी म्हणतो, दोन सामने या दरात म्हणजे स्वस्तच. कोणी म्हणतो, मला एकच पाहावयाचा आहे, मी दुसऱ्याचे पैसे का द्यावे. कोणी म्हणतो, पोराबाळांना घेऊन येणाऱ्याचे काय. आणि एखादा म्हातारा म्हणतो, पूर्वीची मजा राहिली नाही. त्या म्हाताऱ्याच्या जागी मला आमचे आबाच दिसू लागले.

त्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार मार्मिक वाटली. तो म्हणाला, "इथे धावणे पंधरा मिनिटांचे असते, आणि संध्याकाळ तीन तासांची. उरलेला वेळ माणसे शेजाऱ्याशी बोलत असतात. तिकीट त्या बोलण्याचे असते, गुरुजी." हे अगदी आपल्या पटासारखेच नव्हे काय? दोन जोड्यांच्या मधल्या वेळात कोणत्या बैलाचे खूर कसे, कोणाचा खांदा उतरला आहे, यंदा तूर कशी गेली, मुलीचे कोठे जमले, हे सारे बोलणे होते. तो बाजार बंद पडला तर पट उरला काय आणि गेला काय.

तिकिटाचे वावडे आम्हां वऱ्हाडकरांना पूर्वीपासून आहे असे मात्र मी म्हणणार नाही. माझ्या लहानपणी जत्रेत फिरता सिनेमा येई. जमिनीवर बसणाराचा दर वेगळा, खुर्चीवर बसणाराचा वेगळा. तमाशाच्या तंबूला तिकीट असे आणि तंबूखालून शिरणारी पोरेही असत. त्यांत कोण कोण होते, हे येथे सांगण्याचे कारण नाही. तिकीट आले की त्यामागून सरकारही येते. मध्यप्रांत आणि वऱ्हाडात करमणुकीवर शुल्क घेण्याचा कायदा १९३६ साली झाला होता. पण कुस्तीच्या मैदानाकडे पाहा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ साली पुरे झाले. त्याची बैठक खोलगट आणि उतरती आहे, ती अशा हेतूने की सगळ्यांत मागे बसलेल्या गरिबालाही आखाड्यातील डाव दिसावा. बसण्याच्या जागेत उच्चनीच असेल; दिसण्यात नसावे. हा विचार माझ्या मनात घोळू लागला.

येथे मला माझ्या एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. तिच्यावाचून माझे मत का बदलले, हे आपणांस नीट कळणार नाही.

शाळेच्या क्रीडास्पर्धांमुळे माझ्याजवळ सेकंद मोजण्याचे घड्याळ असे; म्हणून कित्येक वर्षे पटाचा वेळ मीच नोंदवीत असे. ही गोष्ट २०१० च्या हिवाळ्यातील, म्हणजे बंदीच्या आधीची. शेवटच्या झेंड्याजवळ ना दोर होता, ना कुंपण. नामांकित जोडी सुटली की प्रेक्षक पट्टीवर झुकत, आणि पुढच्याच्या खांद्यावरून मागचा पाही. त्या दिवशी संध्याकाळी घाटाखालच्या एका शेतकऱ्याची जोडी सुटली. बैल रेषेजवळ आले आणि तेवढ्यात गर्दीची भिंत माझ्यापुढे उभी राहिली. रेषा मला दिसली नाही. मी बटण दाबले ते बैल रेषेवर आले तेव्हा नव्हे, तर लोकांची आरोळी ऐकू आली तेव्हा. आरोळी बैलांच्या मागून येते. त्या जोडीचा क्रमांक सेकंदाच्या एका लहानशा अंशाने गेला. त्या शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मास्तर, बराबर पाहिलं ना?" मी म्हणालो, "होय." पुढे एक क्षणभर तो उभा राहिला; नंतर बैल सोडून, त्यांच्या पाठीवर झूल घालून निघून गेला.

मी खोटे बोललो. वर्गात मुलांस सत्याचे महत्त्व सांगणारा मी, चारशे माणसांदेखत खोटे बोललो. कारण मला दिसले नाही असे म्हटले असते तर सारा पट पुन्हा घ्यावा लागला असता, अंधार पडत होता, आणि भांडण होण्याची भीती होती. तो शेतकरी पुन्हा आमच्या पटास आला नाही. पुढे बंदी आली. त्या वर्षांत त्याने बैल विकून ट्रॅक्टर घेतला, असे ऐकले. त्याच्यासारखी कित्येक घरे बैलांवाचून झाली. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात गाई-बैलांची संख्या सुमारे एक कोटी पंचावन्न लाख होती, ती २०१९ च्या गणनेत एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास आली. त्याच्याकडे जाऊन क्षमा मागावी असे मला अनेकदा वाटले, आणि मी गेलो नाही. आता तो हयात नाही.

तेव्हा पारावर ज्या वेळी कोणी म्हणाले, "कुंपनाले पैसे कशाले? आजवर चाललं ना कुंपनाबगर," त्या वेळी मला गप्प बसवेना. मी उठलो आणि ही सगळी हकीकत सर्वांसमक्ष सांगितली. चौदा-पंधरा वर्षे जी गोष्ट घशात अडकली होती, ती पारावर बाहेर पडली. मी म्हणालो, "कुंपण नव्हते म्हणून एका माणसाचा न्याय बुडाला, आणि तो मी बुडविला. बांबूंना आणि दोराला पैसे लागतात, विजेवर चालणाऱ्या घड्याळाला लागतात. ते आपण दिले पाहिजेत." यावर कोणी मला दोष दिला नाही. आबा एवढेच म्हणाले, "गुर्जी, हे तवाच सांगाचं होतं." तेवढे वाक्य मला पुरे झाले.

यानंतर मी माझी सूचना मांडली. पट्टीच्या दोन्ही अंगांस बांबूंचे कुंपण असावे, आणि कुंपणाबाहेर उभे राहून, जमिनीवर बसून, बैलगाडीवर चढून ज्याला पट पाहावयाचा असेल, त्याला दोन्ही पट पूर्वीप्रमाणे फुकट दिसावेत. तिकीट असावे ते मंडपातील सावलीचे आणि बसण्याच्या जागेचे. म्हणजे सावलीला किंमत, पाहण्याला नाही. सकाळी घेतलेले तिकीट संध्याकाळपर्यंत चालावे, म्हणजे दोन पटांचा हिशेब वेगळा ठेवण्याची यातायात नको. जोडीमालकांच्या प्रवेश फीतही भेद करावा. गावगटाची नाममात्र, खुल्या गटाची अधिक, कारण बक्षिसाचा मोठा वाटा तेच घेऊन जाणार. देणगीदारांच्या देणग्या आनंदाने घ्याव्यात, परंतु भाषणे शेवटची जोडी धावल्यानंतर. आणि जमाखर्चाचा तक्ता पटाच्या आठव्या दिवशी शाळेच्या भिंतीवर लावावा, ज्याला वाचता येते त्याने न वाचता येणाऱ्यास वाचून दाखवावा.

आबा पुन्हा उठले. "सावली विकता म्हंता. ऊन मंग कोनाले?" मी म्हणालो, "आबा, ऊन आपल्या दोघांना. आपण आजवर उन्हातच पाहिला ना?" आबा हसले, पण त्यांचे समाधान झाले असे मला वाटत नाही, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते असेही मी समजत नाही. आज सावलीला किंमत लागली. उद्या कुंपणाजवळच्या पहिल्या रांगेला लागेल, परवा साऱ्या शेतालाच. रस्ता उताराचा आहे, आणि आबांसारखी माणसे वाटेत उभी असतात म्हणूनच गाडा सावकाश उतरतो.

एक मुद्दा मात्र मला सुचला नव्हता; तो माझ्या सूनबाईने घरी आल्यावर सुचविला. मी मोठ्या ऐटीने सभेचा वृत्तांत सांगत होतो. ती म्हणाली, "मामंजी, चाळीस वर्षांत गावातल्या किती बायांनी पट पाहिला? उभे राहायला जागा नाही, धक्काबुक्की, आडोसा नाही. तुम्ही फुकट फुकट म्हणता, ते पुरुषांना फुकट होते. आम्हांला बसायला जागा द्या, आम्ही तिकीट काढू." अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पटात स्त्रिया स्वतः जोडी हाकतात, ही गोष्टही तिनेच मला सांगितली. मी दुसऱ्या दिवशी चिटणिसाकडे गेलो आणि मंडपाचा एक भाग स्त्रियांसाठी राखून तेथे पाण्याची आणि आडोशाची सोय करावी, असे वहीत लिहवून घेतले. ज्या प्रश्नावर सारा गाव दोन तास भांडला, त्यात निम्म्या गावाला विचारलेच नव्हते, हे त्या सभेत आमच्या कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

शेवटी ठरले ते असे. दोन्ही पट एकाच दिवशी होणार. मंडपाचे तिकीट पन्नासांऐवजी तीस रुपये. शाळकरी मुलांस माफ. काठावरून पाहणे सर्वांस मुक्त. शेत देणाऱ्या गृहस्थांना भाडे देऊ केले. ते त्यांनी घेतले नाही, परंतु विचारले याचे त्यांना समाधान वाटले. भाषणांचा ठराव थोड्याच मतांनी संमत झाला. तो कितपत पाळला जातो, हे पटाच्या दिवशी दिसेल. एकाच दिवशी दोन पट उरकताना बैलांना विसावा पुरेसा मिळेल ना, ही धास्ती माझ्या मनात आहे. म्हणून एका पटात पळालेली जोडी दुसऱ्या पटात घ्यावयाची नाही, एवढे मी हट्टाने लिहून घेतले आहे. खर्च वाचविण्यासाठी दिवस एक केला, त्याचा भार बैलांच्या खांद्यावर पडता कामा नये.

माझ्या हाती यंदा घड्याळ नाही. ते काम आता यंत्र करील, आणि ते माझ्याहून अधिक प्रामाणिकपणे करील. माझ्याकडे दुसरे काम दिले आहे. शेवटच्या झेंड्याजवळ दोर धरून उभे राहावयाचे, आणि रेषा कोणाच्याही खांद्याआड जाऊ द्यावयाची नाही. हे काम मी मागून घेतले.

श्रोतेहो, आपण शहरात राहता. आपल्याकडे नाटकाला तिकीट आहे, क्रिकेटला आहे, बागेलाही आहे. आणि ते किती असावे याची चर्चा करण्यासाठी आपणांस कोणी पारावर बोलावीत नाही. दर ठरलेला असतो, आपण देतो किंवा परत फिरतो. आमच्या गावी तीस रुपयांवर दोन तास भांडण झाले, याचे आपणांस हसू येईल. पण ज्या गोष्टीच्या दरासाठी माणसे भांडतात, ती गोष्ट अजून त्यांची असते. आमचा पट अजून आमचा आहे, एवढे त्या भांडणावरून मला कळले.

माझी वेळ संपत आली आहे. नभोवाणीवर घड्याळ दुसऱ्याच्या हातात असते, आणि त्याला रेषा नीट दिसते आहे, असा माझा भरवसा आहे.